सावळा रंग, सुटलेलं पोट... यावरून मन खरंच एवढं खचतं का?

हो, खचतं. लग्नात काकू सहज म्हणतात, ‘अगं, किती जाड झालीस!’ आणि पोरगी पुढचे चार समारंभ टाळते, ग्रुप फोटोत मागे सरकते. असं माणसांपासून तुटलं की झोप, अभ्यास सगळंच बिघडतं. मुलांचंही तेच, फक्त ते जिमच्या नावाखाली लपतं. गंमत म्हणजे, आत्मसन्मान मोजायला समाजशास्त्रज्ञ मॉरिस रोझेनबर्ग यांनी १९६५ साली मांडलेल्या प्रश्नावलीत १० विधानं आहेत. दिसण्याबद्दल एकही नाही! आपण मात्र स्वतःची अख्खी किंमत आरशावरून लावतो. मला स्वतःला फिल्टरवाली खाती अनफॉलो केल्यावर बरंच हलकं वाटलं. मुद्दाम उपाशी राहणं सुरू झालं असेल तर मात्र वाट बघत बसू नका, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन लावा. मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.