'मॉडर्न सिंथेसिस' : संश्लेषण की समन्वय?

प्रश्न असा : उत्क्रांतिवाद आणि आनुवंशिकी यांची सांगड घातली गेली, तिला 'मॉडर्न सिंथेसिस' म्हणतात. मराठीत 'आधुनिक संश्लेषण' चालेल का? आणि 'अनुवांशिक' बरोबर की 'आनुवंशिक'?

'संश्लेषण' चूक नाही, पण शाळेतल्या प्रकाशसंश्लेषणामुळे तो शब्द ऐकला की घटक जोडून नवा पदार्थ तयार करणं डोळ्यांपुढे येतं. इथे मिटलं होतं ते एक भांडण. १९०० मध्ये मेंडेलचे नियम पुन्हा उजेडात आले. त्याचे अनुयायी म्हणत, गुण सुटे असतात : वाटाणा गोल नाहीतर सुरकुतलेला. डार्विनच्या बाजूचे मोजमापवाले म्हणत, नैसर्गिक निवड चालते ती उंचीसारख्या सलग बदलत जाणाऱ्या गुणांवर. तिथे तुमचे वाटाणे काय कामाचे?

तोड गव्हात सापडते. दाण्याचा लाल रंग जनुकांच्या तीन जोड्यांवर ठरतो आणि प्रत्येकीचा वाटा सारखा, असं धरा. गडद लाल आणि पांढऱ्याचा संकर केला, तर दुसऱ्या पिढीत सरासरी ६४ रोपांमागे सात छटा १:६:१५:२०:१५:६:१ अशा पडतात. पूर्ण पांढरं रोप एकच. (स्वीडनच्या निल्सन-एलेने १९०९ मध्ये हे ६३ लाल, १ पांढरा असं प्रमाण दाखवलं.) मातीपाण्याचा फरक त्यात मिसळला की छटांमधल्या सीमाही पुसट होतात. नियम मेंडेलचेच, दिसतो मात्र सलग चढ-उतार. १९१८ मध्ये इंग्लंडच्या संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशरने हेच गणिताने सर्वसाधारण रूपात मांडलं. पुढे हॉल्डेन, राइट, डॉब्झान्स्की या शास्त्रज्ञांनी भर घातली. नाव रूढ झालं ते जीवशास्त्रज्ञ ज्युलियन हक्सलीच्या १९४२च्या पुस्तकाच्या शीर्षकावरून.

म्हणून 'आधुनिक समन्वय' म्हणावं. वरवर विसंगत वाटणाऱ्या वचनांचा रोख एकच आहे हे दाखवणं, म्हणजे समन्वय. ब्रह्मसूत्रांचा पहिला अध्याय 'समन्वय' आणि दुसरा 'अविरोध', तो उगाच नाही. 'एकीकरण' म्हटलं तर एकाने दुसऱ्याला गिळल्यासारखं वाटतं. आता हे 'आधुनिक' डीएनएची रचना कळण्याच्या ११ वर्षं आधीचं आहे. पण ते नावातच असल्याने राहू द्यावं.

'आनुवंशिक'च बरोबर. समाज–सामाजिक, तसं अनुवंश–आनुवंशिक : 'इक' लागताना पहिला स्वर वाढतो, मधला 'वं' तसाच राहतो. चूक होते ती 'वांशिक'ला पुढून 'अनु' चिकटवल्यामुळे. वांशिक म्हणजे वंशासंबंधी, जसं 'वांशिक दंगल'. आईवडिलांकडून आलेल्या मधुमेहाच्या कलाशी त्याचा काही संबंध नाही.