बरोजचं वाचन सुरू करताय? मग आधी हे वाचा

स्वागत! टारझनचा लेखक एडगर राईस बरोज वाचायला घेतलात, भारी वाटलं. टारझनची वीसहून जास्त पुस्तकं आहेत, सगळी एकदम मागवू नका, बहुतेक जण तिथेच दमतात.

मंगळापासून सुरू करा असं मी सांगेन. 'अ प्रिन्सेस ऑफ मार्स', 'द गॉड्स ऑफ मार्स' आणि 'द वॉरलॉर्ड ऑफ मार्स' ही तिन्ही ओळीने वाचायची, कारण दुसरं अशा जागी संपतं की तिसरं हाताशी नसेल तर झोप लागणार नाही. मग 'टारझन ऑफ द एप्स' आणि लगेच 'द रिटर्न ऑफ टारझन', ती एकच गोष्ट आहे.

नवीन लोकांच्या दोन चुका नेहमी दिसतात:

- सिनेमातला टारझन डोक्यात ठेवून वाचणं. पुस्तकातलं पोरगं बापाच्या झोपडीतली पुस्तकं बघून, अक्षरांना किडे समजत समजत, एकट्याने इंग्रजी वाचायला शिकतं आणि बोलायला मात्र आधी फ्रेंच शिकतं! तो भाग सावकाश वाचा, माझा सगळ्यात लाडका आहे.
- 'टारझन ऑफ द एप्स'च्या आत 1914 छापलंय म्हणून फर्स्ट एडिशन समजून पैसे घालवणं. स्वस्त रीप्रिंटमध्येही तेच कॉपीराइटचं साल असतं, प्रकाशक मॅक्लर्ग आहे का ते आधी बघा. खरं तर सुरुवातीला साधी पेपरबॅकच घ्या.

आफ्रिकन माणसांबद्दलचं लिखाण खटकेल, खटकायलाच हवं. त्यावर मोकळेपणाने बोला.

या गोष्टी आधी ज्या मासिकांत आल्या त्यांचे मूळ अंक वगैरे नंतर बघू. पहिलं पुस्तक झालं की कसं वाटलं ते नक्की सांगा.