पळवून नेलेली मुले आणि त्यांची ‘सुटका’

प्रश्न : अमेरिकेच्या सरहद्दीवरील लढायांमध्ये मूलनिवासी टोळ्यांनी गोऱ्या वसाहतवाल्यांची जी मुले पळवून नेली, त्यांतील कित्येकांनी पुढे संधी मिळूनही घरी परतण्यास नकार दिला, असे वाचनात आले. जिवाच्या धाकाने ती तसे म्हणत असतील का?
– एक वाचिका, सांगली

उत्तर : धाक होता आणि तो निराधारही नव्हता. २९ फेब्रुवारी १७०४ रोजी पहाटे फ्रेंच सैनिक आणि त्यांच्या बाजूच्या मूलनिवासी योद्ध्यांनी मॅसॅच्युसेट्समधील डियरफील्ड या गावावर छापा घातला आणि ११२ जणांना धरून बर्फातून कॅनडाकडे चालवत नेले. गावचे धर्मोपदेशक जॉन विल्यम्स यांची दोन लहानगी छाप्यातच मारली गेली. नुकतीच बाळंतीण झालेली त्यांची पत्नी चालू शकेना, म्हणून तिला वाटेतच ठार करण्यात आले. त्यांची सात वर्षांची मुलगी युनिस मात्र वाचली आणि कॅनडातील कानावाके या गावी मोहॉक या मूलनिवासी लोकांत वाढली. वडील १७०६ मध्ये सुटून आले आणि तिला परत मिळवण्यासाठी त्यांनी पुष्कळ खटपट केली; पण ते पुन्हा भेटले तेव्हा ती इंग्रजी विसरली होती, एका मोहॉक तरुणाशी तिचे लग्न झाले होते आणि घरी येण्यास तिने नकार दिला. पुढे माहेरच्या माणसांना ती भेटून गेली, परंतु राहिली ती कानावाकेलाच, १७८५ मध्ये मरण येईपर्यंत. प्रवासातल्या दहशतीने त्या दिवसांचे मौन समजते, पुढच्या ऐंशी वर्षांच्या आयुष्याचा उलगडा त्या दहशतीने होत नाही.

तो उलगडा होतो मुलांना पळवण्यामागच्या हेतूवरून. खंडणी आणि सूड ही कारणे होतीच. पण मोहॉक, सेनेका आदी जमातींच्या इरोक्वा या समूहात युद्धात किंवा साथीत गेलेल्या माणसाची जागा कैद्याने भरून काढण्याची जुनी रीत होती. मेरी जेमिसन ही पेनसिल्व्हेनियातील मुलगी अशीच दोन सेनेका बहिणींच्या हाती आली. त्यांचा भाऊ लढाईत पडला होता. त्यांनी तिचे फाटके कपडे नदीत टाकले, तिला न्हाऊ घातले, नवे कपडे नेसवले, भावासाठी शोक केला आणि मग तिला बहीण म्हणून पदरात घेतले. आपल्याकडील दत्तकविधानाशी याची तुलना करण्याचा मोह होतो, पण आपण वारस घेतो आणि त्या बहिणींनी गेलेल्या भावाची उणीव भरून काढली, हा फरक विसरू नये. पुढे मेरीला परतण्याची मोकळीक मिळाली, तेव्हा तिने ती नाकारली. आपल्या मूलनिवासी मुलांना गोरे नातेवाईक तुच्छ लेखतील, असे तिला वाटत होते. धाक म्हणाल तर तो हा होता.

सर्वांच्या वाट्याला इतकी माया आली नाही. टेक्सासकडच्या मैदानांतील कोमांची टोळ्यांत नव्या कैद्यांचे सुरुवातीचे दिवस फार क्रूर असत. मूल मोठे असले तर ते पूर्वीचे घर विसरत नसे, लहान असले तर काही वर्षांतच मातृभाषा गमावून बसे.

१७६४ मध्ये ब्रिटिश सैन्यातील कर्नल हेन्री बुके याने ओहायो खोऱ्यातील टोळ्यांकडून दोनशेहून अधिक कैदी परत घेतले, तेव्हा त्यांतील काहींना बांधून आणावे लागले. ‘सुटका’ हा शब्द अशा प्रसंगी मला अवतरणचिन्हांतच लिहावासा वाटतो, आणि त्याचे सर्वांत दुःखद उदाहरण म्हणजे सिंथिया ॲन पार्कर. १८३६ मध्ये टेक्सासमधील पार्कर कुटुंबाच्या गढीवर हल्ला झाला, तेव्हा ती सुमारे नऊ वर्षांची होती. कोमांचींत ती वाढली, पीटा नोकोना या म्होरक्याशी तिचे लग्न झाले आणि तिला तीन मुले झाली. डिसेंबर १८६० मध्ये टेक्सास रेंजर्स या सशस्त्र दलाने पीझ नदीकाठच्या कोमांची तळावर हल्ला करून तिला आणि तिच्या तान्ह्या मुलीला ‘सोडवले’. नंतर काढलेल्या छायाचित्रात ती मुलीला पाजते आहे आणि तिचे केस आखूड कापलेले आहेत. कोमांचींत ती शोकाची खूण होती. टेक्सासच्या विधिमंडळाने तिला जमीन आणि वार्षिक शंभर डॉलर मंजूर केले. तिला हवी होती ती मागे राहिलेली मुले. तिने पळून जाण्याचे प्रयत्न केले, पण ते फसले. बरोबरची मुलगी काही वर्षांतच आजाराने गेली आणि पुढे तीही खंगून मेली. तिचा मुलगा क्वाना कोमांचींचा नामांकित पुढारी झाला. आईच्या अस्थी त्याने १९१० मध्ये टेक्सासमधून ओक्लाहोमात आणून आपल्या लोकांत पुरल्या.

प्रश्न : गोऱ्यांनीही मूलनिवासींची मुले नेली होती का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : होय, आणि कायद्याच्या आधाराने नेली. कॅलिफोर्नियाच्या १८५० च्या कायद्यानुसार गोऱ्या माणसाला स्थानिक न्यायाधीशासमोर मूलनिवासी मुलाचा ताबा मिळवून त्याच्याकडून वर्षानुवर्षे काम करून घेता येत असे. त्यातून मुले पळवून विकण्याचा धंदाच उभा राहिला. ही मुले मृताच्या जागी आलेली भावंडे नव्हती, घरगडी होती.

दत्तक घेतल्याचीही उदाहरणे आहेत. २९ डिसेंबर १८९० रोजी साउथ डकोटातील वुंडेड नी येथे अमेरिकी सैन्याने लाकोटा या मूलनिवासी लोकांची कत्तल केली; चौथ्या दिवशी गोठलेल्या आईच्या देहाखाली एक तान्ही मुलगी जिवंत सापडली. लाकोटा तिला झिंटकाला नुनी, म्हणजे हरवलेले पाखरू, म्हणत. नेब्रास्काच्या नॅशनल गार्डचे जनरल लेनर्ड कोल्बी यांनी तिला घरी नेले. ती गोऱ्यांतही सामावली नाही, लाकोटांतही नाही, आणि १९२० मध्ये कॅलिफोर्नियात वारली. १९९१ मध्ये तिच्या अस्थी वुंडेड नी येथे आणून पुरण्यात आल्या.