रात्री पाणी का पीत नाही, ते आधी विचारा

प्रश्न : सिस्टर, माझी आई ८१ वर्षांची आहे. गेल्या वर्षी खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आता वॉकर धरून चालते. मी नोकरी करते, भाऊ परगावी. आठ महिन्यांपूर्वी तिला एका खासगी वृद्धाश्रमात ठेवलं. जागा स्वच्छ, जेवण बरं. पण तिला दिवसरात्र डायपर लावून ठेवतात. घरी होती तोवर हात धरला की संडासला जायची. विचारलं तर म्हणतात, ‘पडल्या तर जबाबदारी कोणाची?’ परवा गेले तर केसही बारीक कापलेले. आई तक्रार करत नाही. एवढंच म्हणाली, की संध्याकाळनंतर पाणी पीत नाही. मी काही बोलले तर माघारी तिच्यावर राग काढतील, ही भीती. काय करू? – एक वाचक, नाशिक

उत्तर : आई तक्रार करत नाही असं तुम्ही लिहिलंत आणि पुढच्याच ओळीत तिची तक्रार लिहिलीत. ओल्या डायपरमध्ये सकाळपर्यंत पडून राहावं लागू नये म्हणून बायका दिवेलागणीपासूनच घसा कोरडा ठेवतात. मग शौचाला खडा होतो, लघवीला जळजळ, पुढे इन्फेक्शन. या वयात लघवीच्या इन्फेक्शनमध्ये ताप येतोच असं नाही. माणूस एकाएकी बरळायला लागतं. आणि सगळे म्हणतात, आजींना भ्रम झाला.

महापालिकेच्या रुग्णालयात ३१ वर्षं काढून मी नंतर ७ वर्षं एका वृद्धाश्रमात अंथरुणाला खिळलेल्यांचा विभाग सांभाळला. रात्री २२ खाटा आणि दोन मावश्या. त्यातली एक बहुतेक वेळा दिवसाची ड्यूटी ओढून आलेली. एकीला उठवून, चपला घालून, कमोडवर बसवून परत आणायचं तर पंधरा मिनिटं जातात. म्हणून डायपर. मीही लावलेत, खोटं कशाला बोलू? पण ते आमच्या सोयीसाठी होते. ‘पडतील’ हे उत्तर नातेवाइकांसाठी तयार ठेवलेलं असायचं. खरं तर बसवून ठेवलेल्या माणसाच्या मांड्यांतलं बळ जातं आणि उठायची वेळ आली की तेच आधी पडतं.

तुम्ही डायपरची पाकिटं नेऊन देता ना? मग हिशेब करा. १० नगांचं पाकीट पाच दिवस पुरत असेल, तर एक डायपर बारा तास अंगावर आहे. मॅनेजरशी बोलताना हा आकडा पुढे ठेवा, रडू नका. दिवसा डायपर बंद, सकाळी उठल्यावर, प्रत्येक जेवणानंतर, निजण्याआधी आणि अधेमधे दर दोन-अडीच तासांनी विचारून नेणं, एवढं मागा. खुब्याच्या ऑपरेशननंतर खाली बसणं नको. उंच सीट आणि भिंतीला दांडी हवी. आश्रम देत नसेल तर कमोडची खुर्ची तुम्ही घेऊन द्या. रात्रीपुरता डायपर राहू दे, पण मध्ये एकदा बदलला पाहिजे.

केसांबद्दल बोलायला मला थोडी लाज वाटते. आमच्याकडे एक निवृत्त शिक्षिका होत्या. ‘आजी’ म्हटलं की ओ देत नसत, ‘बाई’ म्हटलं की लगेच वळून बघायच्या. मानेवर इवलासा अंबाडा, त्याला तीन आकडे. गुंता होतो, उवा होतात म्हणून मी एका रविवारी न्हावी बोलावून सगळ्यांचे केस कापायला लावले. बाईंनी विरोध केला नाही. पुढचा आठवडाभर डोक्यावरचा पदर खाली घेतला नाही, जेवतानासुद्धा. मग मी एकदा घड्याळ लावून पाहिलं : तेल लावून, विंचरून, अंबाडा घालायला सात मिनिटं लागतात. सात मिनिटांसाठी मी ते केस कापले होते.

राग काढतील ही भीती खोटी नाही. म्हणून मावशीशी भांडू नका, तिच्या हातात काही नसतं. उलट तिला नावानं हाक मारा, तिची विचारपूस करा. जे सांगायचं ते कागदावर : आईला काय म्हणून हाक मारायची, एकाच्या आधारानं ती संडासला जाते, विचारल्याशिवाय केस कापायचे नाहीत. दोन प्रती, मॅनेजरची सही, एक तिच्या फाइलला. आणि भेटीची वेळ बदलत राहा, कधी सकाळी सातला, कधी रात्री जेवणानंतर. ठरलेल्या वेळेशिवाय आत सोडतच नसतील, तर मी तरी दुसरी जागा शोधायला लागेन. सगळं करून उपयोग झाला नाही, तर ज्येष्ठांसाठी १४५६७ ही सरकारी हेल्पलाइन आहे, फोनला पैसे पडत नाहीत. लोक आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्याकडे बोट दाखवतात, पण त्याचा भर मुलांकडून चरितार्थ मिळवण्यावर आहे. तुमच्या कामाला तो फारसा येणार नाही.

पुढच्या खेपेला दार लावून घ्या आणि आईची टाच, माकडहाड, खुब्याची बाजू स्वतः बघा. लाल दिसलं तर बोटानं दाबा. दाबूनही लाली हटली नाही तर शय्याव्रणाची, म्हणजे एकाच जागी पडून-बसून होणाऱ्या जखमेची, सुरुवात आहे. सावळ्या कातडीवर लाली चटकन कळत नाही, म्हणून हात लावूनही बघा, आजूबाजूपेक्षा गरम किंवा टणक लागतं का. तसं असेल तर त्याच दिवशी डॉक्टर.

पाण्याचं विचारायला भावाला पाठवू नका. मुलाला आई हे सांगणार नाही. तुम्हीच विचारा, आणि निघताना उशाशी ठेवलेला तांब्या उचलून बघा, किती भरलेला आहे.