प्रार्थनेची रोजनिशी सुरू करतेयस ना, मग एवढं ऐक

सलाम गं. महागडी डायरी आणू नकोस. भारी कागद दिसला की माणूस भारीच लिहायला लागतं. माझी पहिली वही तशीच वाया गेली. पान उघडलं की 'हे कृपाळू पित्या', आणि त्याच सकाळी आईशी कडाक्याचं भांडण झालेलं, त्याचा एक शब्द नाही. शंभर पानी रेघांची वही पुरे.

वर तारीख, बायबलातला वाचलेला उतारा, मग जे खरं असेल ते. रागसुद्धा. स्तोत्र 13 काढ. सहाच वचनं, पण पहिल्या दोनांत दावीद राजा देवाला चारदा 'कोठवर?' विचारतो. शेवटी तो गातो खरा; स्तोत्र 88 मात्र अंधारातच संपतं, तरी पवित्र शास्त्रात आहेच की! तेव्हा तुझं पान गोड शेवटावर आणायची सक्ती नाही.

डाव्या पानावर विनंती लिही, उजवं कोरं ठेव. उत्तर मिळालं की तारीख घालून तिथं उतरव. माझी काही उजवी पानं अजून कोरीच आहेत.

चुकलेले दिवस भरत बसू नकोस. आणि चर्चच्या तरुण संघातल्या कुणी विश्वासानं सांगितलेलं लिहिलंस तर नाव नको, आद्याक्षरही नको. घरात वही कुणाच्याही हाती लागते.