शेअर विकण्याआधी एवढं वाच

चिरंजीवास,
अनेक आशीर्वाद.

आजोबांनी तुझ्या नावावर केलेले शेअर विकून तू गेममधली टोकन, म्हणजे गेममधल्या वस्तूंच्या मालकीच्या डिजिटल नोंदी, घेणार आहेस, असं तुझी आई सांगत होती. तुझं म्हणणं असं, की शेअर काय ते ब्रोकरच्या हातात, ब्लॉकचेनवरची, म्हणजे अनेक संगणकांवर एकसारखी ठेवलेल्या नोंदवहीतली, वस्तू मात्र खरोखर आपली. तू यावर विचार केला आहेस हे दिसतं, म्हणून मीही सविस्तर लिहितो.

ही भीती मूळची अमेरिकेतली. २०२१च्या जानेवारीत छोट्या गुंतवणूकदारांनी गेमस्टॉप या गेम विकणाऱ्या कंपनीच्या शेअरचा भाव प्रचंड चढवला आणि २८ तारखेला रॉबिनहूड या ब्रोकरने त्या शेअरची खरेदीच बंद केली. मग पुष्कळांच्या लक्षात आलं, की तिथे बहुतेक शेअर कंपनीच्या नोंदीत ‘सीड अँड कंपनी’ या एकाच नावावर असतात आणि आपलं नाव फक्त ब्रोकरच्या खात्यात असतं. आपल्याकडे तसं नाही. तुझं डिमॅट खातं सीडीएसएल किंवा एनएसडीएल या शेअर सांभाळणाऱ्या संस्थेत (डिपॉझिटरीत) तुझ्याच नावाने आहे. १९९६च्या डिपॉझिटरी कायद्याने लाभांश आणि मतदानाचा हक्क तुझा. ब्रोकर बुडाला तरी शेअर तिथेच राहतात. लबाडी इथेही होते. कार्वी या ब्रोकरने ग्राहकांचे शेअर परस्पर गहाण ठेवल्याचं प्रकरण २०१९मध्ये उघडकीस आलं. पण शेअरबाजारावर नियंत्रण ठेवणाऱ्या सेबीने नोव्हेंबरात आदेश काढला आणि डिसेंबरात एनएसडीएलने सुमारे ८३ हजार ग्राहकांचे शेअर त्यांच्या खात्यात परत टाकले. झालेली गोष्ट उलटवायचा अधिकार कोणाकडे तरी होता, हे मला फार मोलाचं वाटतं.

आता गेमचं बघू. ‘एफ वन डेल्टा टाइम’ नावाचा ब्लॉकचेन गेम होता. त्यातली एक गाडी २०१९मध्ये एक लाख डॉलरच्या वर गेली. फॉर्म्युला वनचा परवाना संपला तसा मार्च २०२२मध्ये गेम बंद झाला. टोकन लोकांच्या वॉलेटमध्ये जसंच्या तसं होतं, पण गाडी चालवायला ट्रॅक राहिला नाही. ट्रॅक, शर्यती, सगळं कंपनीच्या सर्व्हरवर. ब्लॉकचेनवर असते ती मुख्यतः कोणता क्रमांक कोणाचा, ही नोंद. कंपनीने बदल्यात दुसऱ्या गेममधल्या वस्तू देऊ केल्या, पण काय द्यायचं ते तिनेच ठरवलं.

याच्याशेजारी आपल्या बडोद्याची आयपीसीएल ही पेट्रोकेमिकल कंपनी ठेव. २००७मध्ये ती रिलायन्समध्ये विलीन झाली, नाव पुसलं गेलं. पण पाच शेअरमागे रिलायन्सचा एक शेअर मिळाला. तो कोणाच्या मर्जीने नव्हे. भागधारकांचं मतदान आणि हायकोर्टाची मंजुरी घेऊनच ती योजना पार पडली. बडोद्यातल्या किती घरांत ते कागद होते! सर्टिफिकेटवर फोलिओ नंबर, म्हणजे कंपनीच्या नोंदीतला आपला खाते क्रमांक, मागे ट्रान्सफरच्या नोंदी, आणि ट्रान्सफर डीडवरची सही जुळली नाही तर सगळे कागद परत. त्या कटकटीला आम्ही वैतागायचो, पण त्या फोलिओमागे कंपनीला उत्तर द्यायला भाग पाडणारा कायदा होता. तुझ्या टोकनमागे कोण आहे?

गेम विकत घेऊनही तो आपला होत नाही, हा तुझा राग मात्र अगदी रास्त आहे. यूबीसॉफ्ट कंपनीने २०२४च्या मार्चअखेर आपल्या ‘द क्रू’ या गेमचे सर्व्हर बंद केले आणि पैसे मोजलेल्यांनाही तो खेळता येईना. स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानात आपण घेतो तोही फक्त खेळायचा परवानाच. यावर खरा उपाय म्हणजे सर्व्हरशिवाय चालणारी प्रत हातात असणं. जीओजी हे दुसरं गेम-दुकान तशी इन्स्टॉलर फाइल देतं, ती उतरवून ठेवता येते. ब्लॉकचेनची नोंद कोणालाही सर्व्हर चालू ठेवायला लावू शकत नाही. खुद्द गेमस्टॉपने जुलै २०२२मध्ये एनएफटीचा, म्हणजे अशाच टोकनचा, बाजार उघडला आणि फेब्रुवारी २०२४मध्ये बंद केला.

करही बघून ठेव. अशा टोकनच्या नफ्यावर ३० टक्के, विकताना १ टक्का टीडीएस, आणि एका टोकनचा तोटा दुसऱ्याच्या नफ्यातूनही वजा होत नाही. शेअरचा तोटा नियमाप्रमाणे आठ वर्षं पुढे ओढता येतो.

शेअर म्हणजे निर्धोक, असं मात्र मी म्हणत नाही. फ्युचर्स-ऑप्शन्सच्या, म्हणजे शेअरच्या पुढच्या भावावर केलेल्या सौद्यांच्या, वाटेला तर जाऊच नकोस; सेबीच्या पाहणीत २०२२ ते २०२४ या तीन आर्थिक वर्षांत त्यात उतरलेल्या दर शंभर व्यक्तींपैकी ९३ जणांना तोटा झाला.

तरीही टोकन घ्यायचंच असेल तर महिन्याच्या खर्चातून उरतील तेवढ्याच पैशांत घे. त्याआधी त्या गेमच्या अटी मला पाठव. सेवा बंद केली तर कंपनी काय देणं लागते, हे त्यात कुठे लिहिलंय ते शोध आणि त्या ओळीखाली खूण कर. ती ओळ सापडेपर्यंत शेअर विकू नकोस.

तुझा,
काका
दांडिया बाजार, बडोदा