वसंतात लग्न: वसईची कॅथलिक मुलगी, ठाण्याचा बेने इस्राएल मुलगा

तुम्ही वसईच्या कॅथलिक, मुलगा ठाण्याचा बेने इस्राएल, लग्न २०२७च्या वसंतात, आणि दोन्ही घरं मनापासून सामील व्हावीत असं तुम्हाला वाटतं. माझं नेमकं उलटं आहे: मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातली मराठी यहुदी, आणि नवरा वसईचा कॅथलिक.

आधी तारीख पक्की करा. वसंत हा दोन्हीकडे अडचणीचा काळ. तुमच्याकडे राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत, म्हणजे उपवासकाळात, लग्नं टाळतात. आमच्याकडे पेसाह या बिनखमिराच्या सणापासून ओमेर नावाचे ४९ दिवस मोजतात आणि निदान लाग बाओमेरपर्यंत, म्हणजे ३३व्या दिवसापर्यंत, पुष्कळ घरांत लग्न लावत नाहीत. एरवी दोन्ही सण बहुधा जवळजवळ येतात आणि सगळा एप्रिल हातचा जातो. २०२७ मध्ये मात्र यहुदी वर्षात अधिक महिना आहे, म्हणून ईस्टर २८ मार्चला आणि पेसाह थेट २१ एप्रिलच्या संध्याकाळी. मधले ४, ११ आणि १८ एप्रिल हे रविवार मोकळे आहेत. १८ला सासरी पेसाहची साफसफाई ऐन भरात असेल, खमीर घातलेलं सगळं घराबाहेर काढायचं असतं. मी ११ धरली असती. शनिवार नकोच, शब्बाथ असतो, आमचा विश्रांतीचा दिवस.

सिनेगॉगमध्ये, म्हणजे आमच्या प्रार्थनामंदिरात, लग्न होणार नाही; त्यासाठी दोघंही यहुदी लागतात. याचा राग धरू नका आणि तिथली प्रार्थना चालवणाऱ्या हजानसाहेबांना गळही घालू नका. चर्चमध्ये मात्र होऊ शकतं. बाप्तिस्मा न झालेल्या जोडीदारासाठी बिशपांची खास परवानगी लागते, ती फादर मागवतात. मुलाला धर्म बदलावा लागत नाही. अशा लग्नात सहसा मिस्सा, म्हणजे कम्युनियनसहची पूर्ण उपासना, नसते, आणि मला तेच बरं वाटतं: कम्युनियनचा प्रसाद घ्यायच्या वेळी अर्धं चर्च बाकांवर बसून राहिलं, असं होत नाही. १८७२चा भारतीय ख्रिश्चन विवाह कायदा दोघांपैकी एक ख्रिस्ती असला तरी लागू होतो. चर्च नको असेल तर १९५४चा विशेष विवाह कायदा आहे. त्यात ३० दिवसांची नोटीस आणि ३ साक्षीदार लागतात.

परवानगीच्या वेळी तुम्हाला वचन द्यावं लागेल की मुलांना कॅथलिक म्हणून वाढवण्यासाठी शक्य ते सगळं कराल. नवऱ्या मुलालाही ते सांगितलं जातं. सासऱ्यांना ही गोष्ट फादरांकडून कळता कामा नये. मुलाने स्वतः, आधी, घरी बसून सांगावी. आमच्यात धर्म आईकडून येतो, त्यामुळे तुमची मुलं परंपरेने यहुदी धरली जाणार नाहीत. हे त्या घराचं खरं दुःख असतं. त्यांना रडायचं असेल तर रडू द्या.

घरं जुळतात ती मलिद्याला, म्हणजे गोड पोह्यांच्या ताटावर होणाऱ्या आमच्या प्रार्थनेला. लग्न रविवारी म्हणजे आदला दिवस शब्बाथचा, म्हणून मेहंदी आणि मलिदा आधीच्या गुरुवारी सासरी ठेवा, आणि तुमच्या आईला, मावश्यांना सकाळीच बोलवा. पोहे भिजवायचे, गूळ, ओलं खोबरं, वेलची, सुका मेवा घालून हाताने हलके कालवायचे, ताटात भोवती फळं मांडायची. मग संदेष्टा एलियाहू हानावीचं नाव घेऊन प्रार्थना. हाच एलिया तुमच्या बायबलात आहे. माझ्या सासूबाई कोपऱ्यातल्या खुर्चीवर अवघडून बसल्या होत्या. आईने त्यांच्यापुढे खोबरं आणि खवणी सरकवली, आणि तासाभरात दोघी वसईची गाणी म्हणत होत्या. चर्चमध्ये १२८वं स्तोत्र वाचायला मुलाच्या घरातल्या कोणाला तरी सांगा. दाविदाची स्तोत्रं दोघांचीही आहेत.

जेवणात डुक्कर, कोलंबी, खेकडे नकोत. खवल्यांचा मासा चालतो. मटणासोबत दूध, दही, तूप, क्रीमचं गोड काहीच नको. नारळाचं दूध दोन्ही स्वयंपाकघरांत आहे, आचाऱ्याला त्यावरच मेनू बांधायला सांगा. केकही लोण्याशिवाय करून घ्या.

परवानगीच्या कागदांना वेळ लागतो. फादरांना निदान सहा महिने आधी भेटा, आणि पहिल्याच भेटीला मुलाला सोबत न्या.